एक इलेक्ट्रॉन कुठून आला? भूमिगत कृष्णद्रव्य प्रयोगातील एका पोस्टडॉकचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर अमेरिकेतील एका भूमिगत प्रयोगशाळेतले आहे. संस्था, खाण आणि व्यक्ती यांची नावे काढून टाकली आहेत आणि ज्यांवरून प्रयोग ओळखता येईल असे गटाचे अंतर्गत आकडेही येथे दिलेले नाहीत. जे आकडे पुढे येतात ते प्रसिद्ध शोधनिबंधांतले, कागदावर करता येण्याजोग्या हिशेबाचे किंवा घटनाक्रम समजण्यापुरते आहेत. मी त्या गटात विश्लेषणाच्या बाजूला होतो. प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेल्या संशोधिका पुण्यात एम.एस्सी. आणि युरोपात पीएच.डी. करून दोन वर्षांच्या करारावर पोस्टडॉक म्हणून आल्या होत्या. घटना सुरू झाली तेव्हा त्यांच्या कराराचे नऊ महिने उरले होते, आणि पुढच्या प्रत्येक निर्णयावर या नऊ महिन्यांची सावली होती.

गटाचे काम स्किपर सीसीडी बनवून त्यांच्या साहाय्याने कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवलेले डार्क मॅटर, शोधण्याचे. सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चिप, ही काही नवी गोष्ट नाही. बॉइल आणि स्मिथ यांनी ती १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये कल्पिली आणि २००९ मध्ये तिच्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. नेहमीच्या सीसीडीत पिक्सेलमधला विद्युतभार एकदा मोजला की संपतो, त्यामुळे मोजणीत दोन-तीन इलेक्ट्रॉनांची चूक राहतेच. स्किपर सीसीडीत तोच भार न गमावता पुन्हा पुन्हा मोजता येतो. ही कल्पना १९९० मध्येच मांडली गेली होती, परंतु एकेक इलेक्ट्रॉन निःसंदिग्धपणे मोजण्याइतकी ती सफाईने चालते हे २०१७ मध्ये अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेच्या गटाने दाखवले. गणित सोपे आहे. एका मोजणीतला गोंगाट २.५ इलेक्ट्रॉन असेल आणि तोच पिक्सेल ३०० वेळा वाचला, तर गोंगाट ३०० च्या वर्गमुळाने भागला जाऊन ०.१४ इलेक्ट्रॉनवर येतो. मग शून्य, एक, दोन इलेक्ट्रॉन असलेले पिक्सेल आलेखावर सुट्या सुट्या टेकड्यांसारखे दिसतात.

इतकी सूक्ष्म मोजणी कशासाठी, याचेही उत्तर हिशेबातच आहे. आकाशगंगेतील कृष्णद्रव्याचे कण प्रकाशाच्या वेगाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याने फिरत असावेत असे मानले जाते. एखाद्या कणाचे वस्तुमान १० एमईव्ही, म्हणजे प्रोटॉनच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढे असेल, तर त्याची गतिज ऊर्जा जेमतेम ५ ईव्ही भरते (ईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक; एमईव्ही म्हणजे दहा लाख ईव्ही). झेनॉनच्या मोठ्या टाक्यांत अणुकेंद्राला बसणारा धक्का मोजण्यासाठी ही ऊर्जा फारच थोडी आहे. सिलिकॉनमध्ये मात्र इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ ईव्ही पुरतात आणि सरासरीने इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा अशा एका जोडीला ३.७५ ईव्ही लागतात. म्हणजे त्या कणाने सारीच्या सारी ऊर्जा दिली तरी हाती येतात एक किंवा दोन इलेक्ट्रॉन. या क्षेत्रातला सगळा संघर्ष त्या एक-दोन इलेक्ट्रॉनांचा आहे.

अडचण

नवे संवेदक, म्हणजे स्किपर सीसीडी, तांब्याच्या तबकड्यांत बसवून निर्वात पात्रात ठेवले, १३५ केल्व्हिनपर्यंत थंड केले आणि पहिल्या प्रतिमा घेतल्या. गोंगाट अपेक्षेप्रमाणे कमी होता, वाचन स्वच्छ होते. परंतु एकच इलेक्ट्रॉन असलेल्या पिक्सेलांची संख्या अपेक्षेच्या कितीतरी पट होती.

ही वाढ किती घातक आहे हे बाहेरच्या वाचकाला चटकन जाणवत नाही, म्हणून एक उदाहरण घेतो. सेन्सेई या प्रयोगाने फर्मीलॅबमधल्या एका संवेदकासाठी प्रसिद्ध केलेला दर दिवसाला प्रत्येक पिक्सेलमागे सुमारे ०.०००१६ इलेक्ट्रॉन असा आहे. ५० लाख पिक्सेल आणि एक दिवसाचे एक्स्पोजर धरले, तर निव्वळ योगायोगाने एकाच पिक्सेलमध्ये दोन इलेक्ट्रॉन पडण्याची वेळ पंधरा-सोळा दिवसांतून एकदा येते. आता हाच दर दहापट झाला असे समजा. योगायोग दराच्या वर्गाने वाढतात, त्यामुळे असे दुहेरी पिक्सेल रोज सहा-सात दिसू लागतील. ज्या दोन इलेक्ट्रॉनांत कृष्णद्रव्याचा ठसा शोधायचा, ती जागाच कचऱ्याने भरून जाते.

एक-इलेक्ट्रॉन घटना अनेक वाटांनी येतात. सिलिकॉनच्या स्वतःच्या उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटतो, तो डार्क करंट. भार एका पिक्सेलमधून दुसऱ्यात सरकवताना व्होल्टेजच्या झटक्याने काही इलेक्ट्रॉन उगीचच तयार होतात. वाचन करणारा अँप्लिफायर चालू असताना स्वतःच अतिशय मंद प्रकाश सोडतो. गॅमा किरण आणि म्यूऑन, म्हणजे वैश्विक किरणांतून येणारे कण, आजूबाजूच्या पदार्थात क्षीण प्रकाश निर्माण करतात. शिशाचे कवच वाढवले की एक-इलेक्ट्रॉन घटनाही घटतात, हे सेन्सेईच्या २०२० च्या निकालात दिसले आणि त्याची कारणमीमांसा एसिग आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी मांडली. आणि शेवटची वाट म्हणजे कुठून तरी पाझरणारा साधा प्रकाश.

पहिले सहा आठवडे

संशोधिकांनी सुरुवात रीतीप्रमाणे केली. एक्स्पोजरचा काळ शून्यापासून वीस तासांपर्यंत बदलत त्यांनी एक-इलेक्ट्रॉन घटना मोजल्या आणि आलेखावर सरळ रेषा बसवली. रेषा जिथे उभ्या अक्षाला छेदते तो भाग वाचनाच्या वेळी तयार होणारा, आणि चढ हा काळाबरोबर साठत जाणारा. छेद ठीक होता. चढ मात्र फार होता, म्हणजे दोष एक्स्पोजरच्या काळातला होता.

मग त्यांनी संवेदकाचे तापमान सुमारे दहा अंशांनी खाली-वर करून पाहिले. डार्क करंट तापमानाला फार हळवा असतो, त्यामुळे तो दोषी असता तर दर ठळकपणे हलला असता. तो जवळजवळ जागचा हलला नाही. इथवर तर्क बरोबर चालला होता.

येथे पहिले चुकीचे वळण आले. प्रत्येक संवेदकाच्या चार कोपऱ्यांत चार अँप्लिफायर असतात आणि प्रत्येक जण एक चतुर्थांश भाग वाचतो. आमच्या अहवालात दर भागामागे एकच सरासरी आकडा असे. केबलच्या बाजूचे दोन भाग जास्त घटना दाखवत होते, त्यावरून सर्वांनी, माझ्यासह, असा अर्थ काढला की त्या बाजूचे अँप्लिफायर जास्त उजळत आहेत. स्पष्टीकरण ओळखीचे होते, त्यावर आधीचे निबंध होते आणि उपायही हातात होता. अँप्लिफायरचा पुरवठा एक्स्पोजरच्या काळात बंद ठेवणे, वाचताना व्होल्टेज कमी करणे, हे प्रयोग सुरू झाले. त्याने दर थोडा खाली आलाही, आणि हेच नडले. थोडासा फरक पडल्यामुळे आणखी फरक पडेल या आशेवर व्होल्टेजच्या जोड्या तपासण्यात पाच आठवडे गेले.

प्रकाशाच्या पाझराचा विचार कोणी केलाच नव्हता असे नाही. दुसऱ्या आठवड्यात पात्रावर काळे कापड गुंडाळून, प्रयोगशाळेतले दिवे बंद करून प्रतिमा घेतल्या, मग दिवे लावून, पात्राच्या जोडांवर बॅटरीचा झोत टाकून पुन्हा घेतल्या. फरक शून्य. निर्वातमापकाची तापलेली तार उजेड देते हे सीसीडीवर काम करणाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून तोही बंद करून पाहिला. दर किंचित उतरला, पण मूळ अडचण तशीच राहिली. बैठकीच्या टिपणात नोंद झाली: प्रकाशगळती नाही. या दोन शब्दांनी पुढचा महिना खाल्ला.

नकाशा

सहाव्या आठवड्याच्या शेवटी संशोधिकांनी सरासऱ्या बाजूला ठेवल्या आणि सगळ्या प्रतिमा एकावर एक रचून संवेदकाचा नकाशा काढला. गोष्ट इतकी साधी होती की ती आधी का केली नाही याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. अँप्लिफायर दोषी असता तर उजेड कोपऱ्यांत दाटला असता. नकाशात कोपरे विशेष नव्हतेच. केबल जिथून तबकडीत शिरते ती संपूर्ण कड उजळ होती आणि आतल्या बाजूला घटना हळूहळू विरळ होत गेल्या होत्या. दाराच्या फटीतून खोलीत उजेड पसरावा, तसे ते चित्र होते.

परंतु दिवे लावून-विझवून फरक पडत नव्हता, मग उजेड कुठला? संशोधिकांचे उत्तर असे होते, की आपण फक्त बाहेरचा उजेड वगळला आहे. निर्वात पात्राची भिंत स्वतः खोलीच्या तापमानाला असते आणि प्रत्येक उबदार पृष्ठभाग अवरक्त किरण सोडतो. त्यातले बहुतेक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सिलिकॉनला दिसत नाहीत, कारण त्यांची ऊर्जा १.१ ईव्हीच्या खूप खाली असते. त्यांच्या ऊर्जेच्या वितरणाच्या वरच्या टोकाला, म्हणजे शेपटीत, मात्र एखाद-दुसरा फोटॉन ती मर्यादा ओलांडतो. दर पिक्सेलमागे दिवसाला हजारावा हिस्सा इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या यंत्राला तेवढी शेपटी पुरते. शिवाय केबलचे आवरण पिवळसर पॉलिइमाइडचे, ज्याला सगळे कॅप्टॉन (Kapton) म्हणतात. डोळ्याला ते गडद वाटते, पण तांबड्या आणि त्यापुढच्या प्रकाशाला बरेच पारदर्शक असते. तबकडीच्या खाचेतून आत जाणारी ती चपटी पट्टी उजेडासाठी आयतीच वाट झाली होती.

हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी सुचवलेली चाचणी मला अजूनही या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटते. पात्राच्या बाहेरून उष्णता देणारी पट्टी गुंडाळायची आणि भिंत फक्त पाच अंशांनी गरम करायची, आतला संवेदक १३५ केल्व्हिनवरच ठेवून. शेपटीतल्या फोटॉनांची संख्या तापमानाबरोबर घातांकी वाढते. १.१ ईव्ही आणि ३०० केल्व्हिन धरले तर पाच अंशांनी ती जवळजवळ दुप्पट होते. बाकी कोणताही स्रोत भिंतीच्या पाच अंशांनी हलणार नाही. पट्टी बांधली, तापमान स्थिर होऊ दिले, रात्रभर एक्स्पोजर घेतले. सकाळी खाणीचा पिंजरा खाली जाण्याआधीच वर पडद्यावर आकडा आला होता. उजळ कडेवरचा दर दुपटीच्या आसपास होता.

पुढे असलेले पर्याय

कारण सापडले, पण काय करायचे हे त्यावरून ठरत नव्हते. बैठकीत मतभेद झाले आणि ते रास्त होते.

गटप्रमुखांचा कल पात्र न उघडता पुढे जाण्याकडे होता. उजळ कडेचे पिक्सेल विश्लेषणातून वगळावेत, उरलेला भाग वापरावा, ठरलेल्या वेळी निकाल द्यावा. यात संवेदकाचे उपयोगी वस्तुमान थोडे कमी होते, वेळ वाचतो. त्यावर हरकत दुहेरी होती. सिलिकॉनच्या मर्यादेलगतचा प्रकाश फार हळू शोषला जातो, तांब्यावरून परावर्तित होत राहतो, त्यामुळे कड वगळली तरी संवेदकाच्या मध्यभागातही त्याचा पातळ थर उरणारच. आणि कुठवर वगळायचे ही रेषा त्याच डेटाकडे पाहून आखली, तर नकळत हवा तसा निकाल आखला जाण्याचा धोका असतो.

दुसरी सूचना एक्स्पोजर अर्ध्यावर आणण्याची होती. प्रत्येक प्रतिमेत साठणारे इलेक्ट्रॉन निम्मे होतात, त्यामुळे योगायोगाचे दुहेरी पिक्सेल प्रतिमेमागे चौथाई आणि एकूण काळात निम्मे होतात. किंमत वाचनाच्या वेळेत मोजावी लागते. वीस तासांच्या एक्स्पोजरमागे पाच तास वाचन असेल तर घड्याळाचा ८० टक्के वेळ उपयोगी पडतो. दहा तासांमागे तेच पाच तास लागल्यावर हे प्रमाण ६७ टक्क्यांवर येते. वाचनाच्या वेळी उगीच तयार होणारे इलेक्ट्रॉन तर प्रत्येक प्रतिमेत तेवढेच राहतात.

तिसरा मार्ग पात्र उघडून तबकड्या बदलण्याचा. संशोधिकांना हा हवा होता, आणि सर्वांत जास्त भीतीही याचीच होती. संवेदक हळूहळू उबेला आणायचे, पुन्हा थंड करायचे, पुन्हा निर्वात करायचे यात आठवडे जातात. संवेदकाला जोडणाऱ्या तारा केसापेक्षा बारीक असतात, एक तुटली तरी तो भाग गेला. भूमिगत हवेत रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो आणि त्याच्या साखळीतला शिसे-२१० पृष्ठभागावर बसला तर त्याचे अर्धायुष्य २२ वर्षांचे आहे. संवेदक वर आणावेत तर वैश्विक किरणांमुळे सिलिकॉनमध्ये ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, साठू लागतो. नवे तांबे कापायला वरच न्यावे लागते, आणि तिथे त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० तयार होतो.

करारातले नऊ महिने या चर्चेत कोणी उच्चारले नाहीत. पण पात्र उघडण्याचा आग्रह धरणाऱ्या व्यक्तीला त्याचा निकाल पाहायला मिळण्याची शक्यता सर्वांत कमी होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते.

केलेली कृती

शेवटी ठरले ते असे. नव्या तबकड्या घडवून यायला सुमारे दोन महिने लागणार होते. तेवढा काळ एक्स्पोजर निम्मे करून डेटा घ्यायचा. पहिल्या आठवड्याच्या प्रतिमा केवळ तपासणीसाठी उघडायच्या, त्यांवरून वगळायच्या पट्टीची रुंदी आणि निवडीचे बाकी नियम ठरवून लेखी गोठवायचे आणि उरलेल्या प्रतिमा झाकून ठेवायच्या. तबकड्या हाती आल्या की पात्र उघडायचे, आणि या तारखेत काहीही झाले तरी बदल करायचा नाही. शेवटची अट संशोधिकांची होती. डेटा बरा येऊ लागला की उघडण्याचा निर्णय लांबणीवर पडेल, हे त्यांनी ओळखले होते.

नव्या तबकडीची रचनाही त्यांचीच. जुन्या तबकडीत झाकण आणि तळ सपाट पृष्ठभागांनी एकमेकांवर बसत होते आणि केबलसाठी सरळ खाच होती. नव्यात कडांना पायऱ्या दिल्या, म्हणजे एका बाजूची कड दुसरीच्या खोबणीत बसते, आणि केबलची वाट दोनदा वळवली. खाचेतून शिरताना केबलवर तांब्याची घट्ट चिमटी बसते. आतून काळा रंग द्यावा अशी सूचना आली होती, परंतु रंगातली किरणोत्सारी अशुद्धी मोजून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून ती सोडून दिली. कापलेले तांबे वर किती तास होते याची नोंद ठेवली गेली.

पात्र उघडण्याचे काम स्वच्छ कक्षात, नायट्रोजनच्या सतत झोताखाली झाले. सहा संवेदक हलवले, एकाच्या दोन तारा तुटल्या आणि त्याचा एक चतुर्थांश भाग कायमचा गेला.

निष्पत्ती

पुन्हा थंड झाल्यावर घेतलेल्या नकाशात उजळ कड नव्हती. दर ठळकपणे घसरला. भिंत पाच अंशांनी तापवण्याची चाचणी पुन्हा केली तेव्हा फरक मोजणीतल्या अनिश्चिततेच्या मर्यादेत मावला. जे उरले ते बहुतांशी वाचनाच्या वेळी तयार होणारे इलेक्ट्रॉन होते, आणि तो वेगळा लढा आहे.

हे दुखणे आमच्याच वाट्याला आले असेही नाही. सेन्सेई गटाने कॅनडातील स्नोलॅबमध्ये, दोन किलोमीटर खोल, मे २०२३ मध्ये नवे संवेदक बसवताना तांब्याच्या तबकड्याही प्रकाशबंद रचनेच्या केल्या. त्यानंतर त्यांनी दिवसाला प्रत्येक पिक्सेलमागे ०.००००१३९ इलेक्ट्रॉन इतका कमी दर नोंदवला आणि आधीच्या तबकड्यांतला जास्त दर प्रकाशाच्या पाझरामुळे असावा असे मत मांडले.

मधल्या दोन महिन्यांच्या डेटाचे काय, हा प्रश्न गटाला सर्वांत अवघड गेला. नियम गोठवलेले होते, प्रतिमा झाकलेल्या होत्या, म्हणून तत्त्वतः तो वापरता येत होता. पण स्वच्छ डेटाच्या शेजारी ठेवल्यावर त्याने निकालात जवळजवळ भर पडत नव्हती. तो स्वतंत्र, कमी ताकदीचा निकाल म्हणून न छापता प्रकाशाच्या पार्श्वभूमीचा तपास करण्यासाठी उघडला गेला.

संशोधिकांचा करार तीन महिन्यांनी वाढवून मिळाला, मुख्य निकालाच्या प्रतिमा उघडेपर्यंत तो पुरला नाही. निबंधात त्यांचे नाव वर्णानुक्रमाने आहे, जसे मोठ्या गटांत असते. तबकडीच्या रचनेवर वेगळा तांत्रिक निबंध त्यांच्या नावाने काढावा असे ठरले होते. तो निघायला आणखी एक वर्ष गेले आणि तोपर्यंत त्यांच्या नोकरीच्या दोन मुलाखती होऊन गेल्या होत्या. मला यात गटाची कसूर दिसते. उपकरण दुरुस्त करणाऱ्याचे श्रेय लांबणीवर पडते आणि निकाल काढणाऱ्याचे लगेच पदरात पडते, हे माहीत असूनही आम्ही तो निबंध आधी लिहायला घेतला नाही.

वेगळे काय करता आले असते

नकाशा पहिल्या आठवड्यात काढायला हवा होता, यावर वाद नाही. आता गटात कोणताही सरासरी दर त्याच्या नकाशाशिवाय बैठकीत मांडला जात नाही.

दिवे लावण्या-विझवण्याच्या चाचणीबद्दल मात्र माझे मत इतरांपेक्षा थोडे वेगळे आहे. चाचणी चुकीची नव्हती, तिची नोंद चुकीची होती. "खोलीतल्या दिव्यांमुळे फरक पडत नाही" असे लिहिले असते तर उबदार भिंतीचा विचार कोणाला तरी सुचला असता. "प्रकाशगळती नाही" असे लिहिल्यावर तो दरवाजा बंद झाला.

एक गोष्ट नंतर कळली. संशोधिकांची प्रयोगवही गटाकडे जमा झाली तेव्हा मी ती चाळत होतो. दुसऱ्या आठवड्यातल्या त्या चाचणीच्या पानावर इंग्रजीतल्या नोंदीखाली, समासात, पेन्सिलीने मराठीत लिहिले होते: "पाझर आतून?" बैठकीत त्या हे बोलल्या नव्हत्या. का, असे मी फोनवर विचारले, तेव्हा म्हणाल्या की टिपण आधीच पक्के झाले होते आणि सगळे पुढच्या मुद्द्यावर गेले होते. खोलीत मराठी वाचता येणारा दुसरा माणूस मीच होतो, आणि वही टेबलावर उघडीच असायची.